मालनची ओटी

॥ श्रीदेवी प्रसन्न ॥
देवास, २० ऑक्टोबर १९५३

ती. ताईस मालनचा शि. सा. न. वि. वि.

हसू नकोस. अष्टमीला टेकडीवर आरती चालू असताना माझा उजवा हात आपोआप उडायला लागला, पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तर पायांशी नारळ, कपाळभर कुंकू, आणि शेजारीण ‘मैया आई है’ म्हणून सगळ्यांना बोलावत होती. सासूबाईंनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. ज्या माईंनी मूलबाळ नाही म्हणून अकरा वर्षं मला हळदीकुंकवात मागे बसवलं, त्यांनी आज मंगळवारी बायका जमवून माझी ओटी भरली, आता दर मंगळवारी भरणार म्हणतात. सकाळी उठताच डोकं फार ठणकतं, ओकारी होते. माई म्हणतात, देवीचं तेज अंगाला सोसावंच लागतं.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
तुझी मालन

धार, २७ ऑक्टोबर १९५३

चि. सौ. मालनला अनेक आशीर्वाद.

पत्र देवापुढे ठेवून मगच वाचलं. आणि हो, हसलेच. लहानपणी आरतीत पेंगून आईच्या चापट्या खाणारी तू, अन् देवीने तुलाच धरावं! डोकेदुखीला भिऊ नकोस. मंगळवारचा उपास कडक कर, औषध मध्ये आणू नकोस. माझ्या चारुलताचं लग्न यंदा जमेल का, तेवढं देवीला विचारून ठेव.

तुझी रुक्मिणीताई

देवास, १८ मार्च १९५४

ती. ताईस सा. न. वि. वि.

ओळी तिरक्या जातात, समजून घे. एकाच्या जागी दोन दिसतात. हात आता आरतीवाचूनही उडतो, परवा भाकरी थापताना उडाला. यांनी माईंना न सांगता मला इंदूरला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, आणखी तपासण्या केल्या. मेंदूत गाठ आहे म्हणाले, ऑपरेशन मुंबईला. माई विचारतात, देवीवर सुरी चालवायची का? मी तुझ्या शब्दावर आहे. फक्त खरं सांग. देवी आलीच नव्हती का गं?

मालन

धार, २१ मार्च १९५४

चि. सौ. मालनला आशीर्वाद.

मुंबईला जायचं. परवाच्या मोटारीने येते, सोबत मी असेन. उपास आजपासून बंद. मीच सांगितला, मीच सोडवते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर समोर बसून देईन.

ताई

धार, १२ सप्टेंबर १९५४

ती. माईंस रुक्मिणीचा सा. न. वि. वि.

मालनला जाऊन चार महिने झाले. ऑपरेशननंतरचे शेवटचे नऊ दिवस ती बोलली नाही, नुसता हात दाबायची. तुम्ही मुंबईला आलात, पण तिच्या खोलीच्या दाराबाहेरच बसून राहिलात, तेव्हा मला राग आला होता. आता नाही. तुम्ही नारळ ठेवलात, मी उपास लिहिला. तेवढ्या महिन्यांत गाठ वाढली.

‘देवी आलीच नव्हती का’ या तिच्या प्रश्नाचं उत्तर मला देववलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिची ओटी भरली आणि म्हटलं, “ही देवीची नाही, तुझी.” ती खण छातीशी धरून बसली.

नवरात्र येतंय. टेकडीवर कुणाचं अंग थरथरलं, की बायका नारळ आणतीलच. मी बोलले तर धारची शहाणी म्हणतील. तुमचं ऐकतील.

लोभ मालनपुरताच नव्हता, असं समजते.
रुक्मिणी

देवास, ९ ऑक्टोबर १९५४

सौ. रुक्मिणीबाईंस अनेक आशीर्वाद.

मुलगा यशवंतराव लिहितो आहे, शब्द माझे. मालनचं वर्ष सरलं नाही, तरी टेकडीवर गेले. अष्टमीला तांबटांची सून आरतीत पडली. बायका नारळ घेऊन धावल्या. मी मध्ये बसले, तिला कुशीवर वळवलं. शुद्धीवर आल्यावर विचारलं, सकाळी डोकं दुखतं का, दोन दिसतात का. मान हलवली तिने. बायका म्हणाल्या, सून गेल्यापासून म्हातारी बिथरली. म्हणू देत.

दुसऱ्या दिवशी तिला इंदूरला नेलं. डॉक्टर अजून तपासत आहेत. मुंबईला न्यावं लागलं तर सोबत मी जाईन. या खेपेला दाराबाहेर बसणार नाही.

आमची आठवण ठेवावी.
माई