डिकीत न मावलेली खुर्ची

दादा,

तू पसंत केलेली गाडी झकास पळते, वळणावर अंग टाकत नाही, सगळं कबूल. पण आईची चाकांची खुर्ची तिच्या डिकीत मावत नाही. काल शोरूममध्ये मी ती उभी, आडवी, तिरकी, सगळ्या तऱ्हांनी घालून पाहिली. आणि तू काय म्हणालास त्या सेल्समनला? "खुर्चीचं सोडा हो, ती आता फार दिवस लागायची नाही."

आई मागच्या सीटवर बसली होती. तिचे पाय गेलेत, कान नाही.

आज सकाळी मला म्हणते, "त्याला आवडलीय ना, घेऊ दे."

तिला माझ्या घरी नेतेय, आपल्या जुन्या खटाऱ्यातून. त्यात खुर्ची मावते. तू खुशाल घे नवी गाडी. डिकी आता पुरेल तुला.

धाकटी