रिकामी पिशवी

आई, मी सकाळी चालायला जायला लागले आहे. आज अकरावा दिवस. नांदेडात मी राहते तिथून मैदान चारशे मीटरवर आहे. तिथे सहा फेऱ्या, आणि मग कठड्याला धरून उठबशा, पंधराच्या दोन खेपा. उड्या मारायच्या नाहीत, असं डॉक्टर म्हणाले आहेत, गुडघ्यांसाठी. पहिल्या दिवशी दुसऱ्या फेरीतच दम लागला, तेव्हा बुटाची लेस सुटल्यासारखं करून मी खाली वाकून राहिले. लेस सुटलेली नव्हती. अशा गोष्टी तुझ्या लगेच लक्षात आल्या असत्या.

माझं काम तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. मी आता वजनकाटे तपासते. मुखेड, हदगाव, बिलोलीच्या मोंढ्यांत, म्हणजे धान्यबाजारांत जाते, वीस किलोची लोखंडी मापं काट्यावर रचते, आकडा नोंदवते, चूक असेल तर दुरुस्त करते. दोन महिन्यांपूर्वी बिलोलीला सोयाबीनच्या एका दुकानात मापं उचलत होते, तेव्हा एक म्हातारा हमाल म्हणाला, "मॅडम, ही लोखंडं कशाला उचलून राहिल्या? तुम्हीच उभ्या ऱ्हावा की काट्यावर. क्विंटलचं माप हाय, चालतं-बोलतं." सगळे हसले. "क्विंटलला थोडी कमी पडेन," असं म्हणून मी आकडा लिहून घेतला. माझा आवाज हलला नाही, याचं मला तेव्हा बरं वाटलं. ते चहाला गेल्यावर मी दार लोटलं आणि बूट काढून काट्यावर उभी राहिले. एक्क्याण्णव किलो चारशे ग्रॅम. काटा बरोबर होता. मीच तपासला होता.

त्या म्हाताऱ्याचा मला राग आला नाही. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं, एवढंच. लातूरला मी तसं हसू आणलं होतं, तुझ्यावर.

माझ्या बारावीच्या वर्षी तू मुखेडचं शिवणकाम बंद ठेवून माझ्याबरोबर लातूरला आलीस. क्लासच्या मागच्या गल्लीतली ती एक खोली, स्टोव्ह, दोन ताटं आणि खिडकीखाली तुझं मशीन. तिथल्या डॉक्टरांनी तुझी साखर बघून सांगितलं, रोज चाळीस मिनिटं चाला. तू दोन दिवस त्याच विचारात. "बाईमाणसानं रिकामं हिंडायचं म्हंजे काय गं? लोक इचारतील की, कुठं निघालात." मग ब्लाउजांच्या उरलेल्या कापडाची तू एक पिशवी शिवलीस. हिरवी, लाल, जांभळी. ती हातात असली की बाई बाजाराला निघालेली दिसते. रोज संध्याकाळी पाचला तू रिकामी पिशवी घेऊन निघायचीस आणि पावणेसहाला रिकामीच घेऊन यायचीस. मला ते माहीत होतं, बाकी कुणालाच नव्हतं. पावलं दुखतात म्हणायचीस, पण चेहरा उजळलेला असायचा. एकदा तर म्हणालीस, "आज त्या चौकापतुर गेले. लई बरं वाटलं."

त्या दिवशी मी क्लासच्या दोन मैत्रिणींबरोबर रसवंतीपाशी उभी होते आणि तू समोरून आलीस. एकीनं विचारलं, "काकू, कुठं निघालात?" तू म्हणालीस, "कोथिंबीर बघते बाई जरा." आणि मी म्हणाले, "कोथिंबीर कालच आणलीय. पिशवी नुसती दाखवायला असते. वजन उतरवायला चालून राहिली ती." दुसरी म्हणाली, "मग काकू, पिशवीत दगडं भरा की, लवकर उतरंल!" सगळ्यांत मोठ्यानं तूच हसलीस. "हाव, भरते की," म्हणालीस आणि पुढे गेलीस. मी तुझ्याकडे वळून पाहिलं नाही. रात्रीच्या जेवणाआधी खोलीत कोथिंबिरीच्या दोन जुड्या होत्या, एक कालची, एक नवी. तू वड्या केल्यास. मी चार खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पाच वाजले तेव्हा तू मशीनवर होतीस. मी विचारलं नाही. तू आपणहून म्हणालीस, "गुडघा धरलाय."

तू चालत राहिली असतीस तर वाचली असतीस, असं मी म्हणणार नाही. तेवढी माहिती माझ्याकडे नाही. तू एकोणीस दिवस चाललीस आणि विसाव्या दिवशी थांबलीस, एवढंच मला नक्की माहीत आहे. मी तसं का बोलले, हेही आता माहीत आहे. लाज तुझ्या चालण्याची नव्हती. तुझ्याशेजारी उभी राहिले की आपण दोघी एकाच मापाच्या दिसायचो, त्याची होती.

मागच्या महिन्यात तुझी ट्रंक उघडली. पिशवी होती, आणि माझा लातूरचा निळा ड्रेस. उलटा करून पाहिला तर दोन्ही बाजूंना जुन्या शिवणीची भोकं, एकापुढे एक, तीन ओळी. तू शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड, माया, ठेवली होतीस आणि त्या एका वर्षात ती तीनदा उसवून ड्रेस मोठा केला होतास. ड्रेस घट्ट होतोय असं मी म्हणायच्या आधीच तो सैल झालेला असायचा. मी एकदा विचारलंही होतं. "धुतल्यावर सुटतंय हे कापड," म्हणाली होतीस. ते कापड सुटणारं नाही. मी पाण्यात घालून, टेपनं मोजून पाहिलं.

मी रोज तुझी तीच पिशवी घेऊन निघते. खालच्या मजल्यावरच्या काकू पायरीवर बसलेल्या असतात. "कुठं निघालात मॅडम?" त्या विचारतात आणि मी सांगते, दूध आणायला. येताना आणतेही. फ्रिजमध्ये आता दुधाच्या सात पिशव्या आहेत आणि मी चहा कोरा पिते. आज ठरवलं होतं, पिशवी न्यायची नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगायचं, वजन कमी करायला चालते. एकच वाक्य आहे. जिना उतरताना मी ते दोनदा म्हणूनही पाहिलं. पिशवी खिळ्याला अडकवून रिकाम्या हातांनी खाली आले.

"कुठं निघालात मॅडम?"

"कोथिंबीर आणायला," मी म्हणाले.

काकूंनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आन् पिशवी वो?" आणि आत जाऊन स्वतःची घेऊन आल्या. मी ती घेतली, आई.