खुणेच्या सुया

१ जानेवारी १९५८, बुधवार

औषध कंपनीच्या माणसाने ही डायरी फुकट दिली. फुकट मिळाली म्हणून वाया घालवायची नाही. नववर्षाचे संकल्प: (१) रोज लिहिणे. (२) विडी बंद. (३) कोणावरही राग धरायचा नाही.

आजच डॉक्टरसाहेबांनी सर्क्युलर वाचून दाखवलं. मार्कंड्याच्या जत्रेत पटकी लागली तर सलाईन लावायला हात कमी पडतात. म्हणून दवाखान्यातल्या तिन्ही नर्सेसना शिरेत सुई देणं आणि शिरेतून रक्त काढणं शिकवावं. डॉक्टर कायम दौऱ्यावर. शिकवणार कोण? मोहबोडीच्या दवाखान्यात अकरा वर्षं शीर धरणारा माणूस एकच. कंपाउंडर गुणवंतराव, म्हणजे मी.

पुढचं जास्त महत्त्वाचं. महाशिवरात्रीला सिव्हिल सर्जनसाहेब स्वतः जत्रेत येणार. ज्याचा हात चांगला दिसेल त्याला जिल्हाभर शिकवत फिरायला नेमणार. जीपसकट!

जीप मिळाली की पहिल्यांदा गोंडपिपरीला, सासऱ्यांच्या दारात. रामाजी चारचौघांत म्हणाले होते, "आमचे जावई दवाखान्यात बाटल्या धुवून राह्यले." त्याला नऊ वर्षं झाली. तारीख पाठ आहे.

संकल्प (३) मधून सासरे वगळले.

३ जानेवारी, शुक्रवार

पहिला वर्ग. वांग्यांवर. तिघींना एकेक वांगं आणि एकेक पिचकारी दिली. तिघींत धाकटी नीलाबाई. जंगलपट्ट्यातल्या गावची, दोन वर्षांपूर्वी नर्स होऊन इथे आली. कमी बोलते, पण बोलते तेव्हा नको ते. म्हणाली, "भाऊ, वांग्याले शीर नाई राहत." मी दुर्लक्ष केलं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत बसलं तर शिकवायचं कधी?

मग खरा पेशंट. बुधरी म्हातारी, ताप हटत नाही, रक्त जिल्ह्याच्या गावी, चांद्याला, तपासायला पाठवायचं. दोन्ही हात मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत गोंदलेले. त्या हिरव्या नक्षीत शीर दिसेल तर शपथ. तीनदा टोचलं. तिसऱ्यांदा रक्त आलं, पण ते माझ्या बोटातून.

नीलाबाई पुढे झाली. डोळे मिटले (खरोखर मिटले, काय नाटकं!), बोटाने चाचपलं, "इथी हाय" म्हणाली आणि एका टोचणीत पिचकारी भरली. वर मला म्हणते कशी, "भाऊ, कुठी पाहून राह्यले होते? पाहू नका. चाचपा." बुधरी हसली. ओसरीवरचे पेशंट हसले. एकाला तर एकशे दोन ताप होता, तोही हसला.

आमच्या घराण्यात अपमान विसरायची पद्धत नाही. संकल्प (३) पूर्ण रद्द. विडी सुरू.

४ जानेवारी, शनिवार

सुडाचा विचार शांत डोक्याने केला. चार विड्या लागल्या.

दवाखान्यातल्या सुयांना धार मी लावतो. नागपूरहून मागवलेला तेलाचा दगड माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या करगोट्याला. सुई उकळून उकळून आणि टोचून टोचून बोथट होते. धार लावली नाही तर महिन्याभरात दाभण. तर आजपासून नीलाबाईच्या ट्रेमधल्या सुयांना धार नाही. उलट फरशीवर दोन घासे. बोथट सुई म्हणजे पेशंटची बोंब, आणि बोंब तिच्या नावाने. शिवरात्रीपर्यंत तिचा हात लोकांना नकोसा होईल. साहेबांसमोर नापास. मग बघू कोण हसतं.

पेशंटला थोडं दुखेल, हे खरं. पण इंजेक्शन दुखायचंच असतं.

तिच्या सुया ओळखू याव्यात म्हणून सगळ्यांना लाल दोरा बांधला.

६ जानेवारी, सोमवार

दोऱ्याचा रंग उकळताना सुटला. भांड्यातलं पाणी गुलाबी. डॉक्टरसाहेब नेमके त्याच वेळी दौऱ्यावरून आले. म्हणाले, हे रक्त कोणाचं? पाऊण तास चौकशी. मी म्हणालो, विहिरीच्या पाण्यात लोह आहे. पटलं नसावं. विहिरीत औषध टाकून अख्खी विहीर उपसायला लावली. मला.

हेही नीलाबाईच्या खात्यावर.

७ जानेवारी, मंगळवार

दोरा रद्द. तिच्या सहाही सुयांच्या पितळी बुडाला कानशीने एकेक खाच पाडली. उकळा, घासा, काही करा. ही खूण जात नाही. माझा राग तसाच आहे.

कंबर धरली आहे.

१३ जानेवारी, सोमवार

खाचेच्या सुया सुरू होऊन सहा दिवस झाले. मी खिडकीशी कान लावून बसतो. आज नीलाबाईकडे नऊ पेशंट. एकही बोंब नाही. इथली माणसं फारच सोशीक.

एक गोष्ट टिपून ठेवतो. दुपारी दवाखाना रिकामा झाला की नीलाबाई मागच्या दगडी पायरीवर पाठमोरी बसते आणि काहीतरी घासत राहते. तासभर. बहुतेक टाचा. मनकर्णेला सांगितलं (मनकर्णा म्हणजे आमचं कुटुंब). ती म्हणाली, "तासभर टाचा? एवढ्या किती टाचा हायेत जी तिले?" बायका बायकांचीच बाजू घेणार. सरकारी वेळेत टाचा घासणे: मुद्दा वेळेवर वापरायचा.

२० जानेवारी, सोमवार

योजनेचा भाग दुसरा. पेशंट कोणाकडे पाठवायचा हे मी ठरवतो. म्हणून जंगलाकडच्या गावांतल्या गोंदलेल्या हातांच्या सगळ्या बाया, दोऱ्याएवढ्या शिरांची म्हातारी माणसं, हातपाय झाडणारी पोरं, सगळे नीलाबाईकडे. माझ्याकडे लाकूड डेपोतले हमाल आणि दादाजी पहेलवान. दादाजीच्या शिरा अशा की सुई दाखवली की शीरच पुढे येते. आज दिवसभरात माझी एक चूक नाही. हात पूर्वीपेक्षा खूपच सुधारला आहे.

नीलाबाईला मुद्दाम विचारलं, जड जातंय का? म्हणाली, "नाई भाऊ. मायचा, आजीचा, साऱ्याइचा हात असाच गोंदलेला. लहानपणापासून तोच धरून चालली."

बिचारी. हार कबूल करवत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

वर्गात आज स्वतःचा हात दाखवला. बाही वर केली, मूठ आवळली. अशा ठळक शिरा आपल्या तहसिलीत दुसऱ्या कोणाच्या नाहीत, आंधळ्यालाही सापडतील, असं तिघींना सांगितलं. एकीने विचारलं, यावर टोचून पाहू का? मी बाही खाली केली. या शिकवणाऱ्याच्या शिरा आहेत, शिकणाऱ्यांसाठी वांगी आहेत.

मला आजवर कोणी सुई टोचलेली नाही. टोचायची वेळ आणू दिली नाही. हे फक्त इथे लिहितो.

नीलाबाईने मात्र हात बराच वेळ निरखला. "मस्त हायेत भाऊ," म्हणाली. शेवटी माझं एकतरी मोठेपण मान्य केलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

जीपसाठी गॉगल आणला. चांद्याहून, खास. घरी घालून बसलो तर मनकर्णा म्हणाली, "डोळे आले का जी?" रामाजींना कार्ड टाकलं: शिवरात्रीनंतर दारात सरकारी गाडी लागेल, अंगणातली बैलबंडी हलवून ठेवावी.

एक खटकलं. दादाजी पहेलवान आज माझी रांग सोडून नीलाबाईच्या रांगेत उभा. जाब विचारला. म्हणाला, "रागावू नका भाऊ. तिची सुई कधी गेली समजतच नाई." समजणार कशी, बोथट सुई आत जातच नसेल. पहेलवानांना एवढी बुद्धी नसते. पण औषध कुठे जातं हे कळत नाही, कारण त्याचा खोकला थांबला.

१५ फेब्रुवारी, शनिवार. मार्कंडा

बंडीने आलो. वैनगंगेच्या काठाला दवाखान्याचा तंबू. गर्दी मरणाची, पटकीची केस एकही नाही. मार्कंडदेवाची कृपा.

माझ्या सहा सुयांना दोन तास धार लावली. मग नीलाबाई पाणी आणायला गेली तेव्हा तिचा ट्रे पाहिला. सहाही सुयांना खाच आहे. टोकाला बोट लावून पाहावं असं मनात आलं, पण पाहिलं नाही. अकरा वर्षं काढलेल्या माणसाला बोट लावून पाहायची गरज नसते.

उद्या.

१६ फेब्रुवारी, रविवार, महाशिवरात्र. सकाळी ७

आंघोळ, दर्शन झालं. देवाकडे फक्त न्याय मागितला. गॉगल खिशात आहे.

दुपारी ३

लिहायचं नव्हतं. पण संकल्पांपैकी (१) तेवढाच, तोही अर्धामुर्धा, उरला आहे.

साहेब आले. बुधरी म्हातारी जत्रेला आलेली होती. तिच्या रक्ताचा जुना रिपोर्ट साहेबांनी चांद्याला पाहिला होता. साहेब म्हणाले, हिचंच रक्त पुन्हा काढा, ताप कसा काय गेला ते पाहू. मला पाहताच म्हातारीने दोन्ही हात लुगड्याखाली घेतले. साहेब म्हणाले, आधी शिक्षक. आणि मग कोणत्या मुहूर्तावर त्यांच्या डोक्यात आलं कोण जाणे: शिक्षकाने शिष्येचा ट्रे घ्यावा, शिष्येने शिक्षकाचा. खरा कारागीर हत्यारावर अडत नाही म्हणे.

माझ्या हातात खाचेची सुई.

घाबरलो नाही. ही सुई किती बोथट आहे हे जिल्ह्यात मला एकट्याला माहीत. मीच घासली आहे. बोथट सुईला जोर लागतो, तो किती लागेल हेही ठरवून ठेवलं. शीर या खेपेस बोटाने चाचपली (शिकवणाऱ्याने शिकू नये असं कुठे आहे?). सापडली. दात आवळले आणि दाबली.

सुई लोण्यात जावी तशी गेली. शिरेत गेली आणि शिरेच्या पलीकडून बाहेर गेली. म्हातारीच्या हातावर लिंबाएवढं निळं टेंगूळ. ती काय बोलली ते गोंडीत होतं, म्हणून लिहिता येत नाही. पण तंबूतल्या सगळ्यांना समजलं. मलाही.

नीलाबाईने कापसाचा बोळा दाबून धरला, म्हातारीचं काहीतरी सांगून समाधान केलं, दुसरा हात घेतला. माझी सुई, एक टोचणी, पिचकारी भरली. म्हातारीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

साहेबांनी विचारलं, एवढा हात बसला कुठे? नीलाबाई म्हणाली, "गुणवंतभाऊनं बसवला साहेब. त्याइनं मले पयल्यापासून बोथट सुया देल्ल्या. गोंदलेले हात सारे मलेच देल्ले. मंग मी पायरीवर घासून घासून आधी धार लावाले शिकली, मंग टोचाले शिकली." यातला एक शब्द खोटा नाही. बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी साध्या चेहऱ्याने. साहेबांनी माझी पाठ थोपटली. असा कडक गुरू पाहिजे, म्हणाले.

टाचा नव्हत्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जीप आली. नीलाबाई पुढच्या सीटवर बसली. "येतो भाऊ," म्हणाली. माझा तेलाचा दगड साहेबांच्या हुकमाने तिच्यासोबत गेला, दौऱ्यावर लागेल म्हणून. धूळ एवढी उडाली की गॉगल कामी आला.

संध्याकाळी गोंडपिपरीहून माणूस आला. जीप पहिल्यांदा तिथेच गेली. रामाजींनी बंडी आधीच हलवून ठेवली होती. त्यांनी नीलाबाईला अंगणात खाट टाकून चहा पाजला आणि मला निरोप धाडला: "गाडी आली. जावई कुठी हायेत?"

सूड थांबलेला नाही. तिच्या जागी कोणीतरी नवी नर्स येईलच. तिलाही कळू दे. स्टॉकमधल्या उरलेल्या छत्तीसच्या छत्तीस सुया बाहेर काढल्या, सगळ्यांना खाच पाडली आणि एकेक फरशीवर दहा-दहा वेळा घासली. फार बरं वाटलं. आज झोपही लागेल.

३ मार्च, सोमवार

नवं सर्क्युलर. नीलाबाईचा पहिला मोठा वर्ग मोहबोडीलाच. उद्या सकाळी आठ वाजता जिल्ह्यातून अकरा नर्सेस येणार. वांग्यांवर शिकवणं बंद, वांग्याला शीर नसते, असं खाली टाईप करून आलं आहे. शिकवायचं ते प्रत्यक्ष हातावर. साहेबांनी नीलाबाईला विचारलं म्हणे, तिकडे ठळक शिरांचा, समजूतदार माणूस कोणी आहे का? तिने लगेच नाव सांगितलं. डॉक्टरसाहेबांनी माझी सही घेतली. दोन्ही हात.

मी विचारलं, सुया? डॉक्टरसाहेब म्हणाले, आपल्या स्टॉकमध्ये छत्तीस आहेत ना.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर मागच्या पायरीवर जाऊन बसलो. एका कडेला दगड घासून गुळगुळीत झाला आहे, बारीक चर पडला आहे. सुई त्यात बरोबर बसते. तेल नाही, थुंकी लावावी लागते. चार वाजेपर्यंत चौदा झाल्या. बोटं सोलून निघाली. बावीस बाकी.

मनकर्णा चहा घेऊन आली. मागे बराच वेळ उभी असावी. म्हणाली, "काऊन जी, टाचा घासून राह्यले का?"

हो म्हटलं.