डाव्या झडपेची बंदूक

मी, खाली सही करणारा, दोन भावांतला धाकटा, घरी आणि गल्लीत 'उफराट्या' या नावाने ओळखला जाणारा, सध्या मुक्काम घरापासून फार लांब, सिनेमावाल्यांना बंदुका भाड्याने देणाऱ्या कोठीत कामाला, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, पोट भरलेलं आहे आणि हे लिहायला मला कोणी दमदाटी केलेली नाही. कंपनीचा नियम आहे की शूटिंगला काडतुसं घेऊन जाणाऱ्याने आधी मृत्युपत्र करून ठेवायचं. उद्या मी पहिल्यांदाच जातोय. आमच्या काडतुसांत नुसता आवाज आणि धूर असतो, गोळी नसते, त्यामुळे मरायचा माझा काही विचार नाही. पण नियम तो नियम. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणून जुनं रद्द करायचा प्रश्न येत नाही. रद्द करायची एक वेगळीच गोष्ट आहे, ती शेवटी येईल.

शाळा अर्ध्यात सोडलेली आहे. शुद्धलेखनावर बोट ठेवू नये.

कलम १. कंपनीने दिलेल्या नमुन्यात पहिलं कलम स्थावर मालमत्तेचं आहे. माझी नाही. घर अण्णांचं, म्हणजे वडिलांचं. मी एका जागी टिकणारा माणूस नव्हे. गॅरेज, बेकरी, बोटींना रंग देणं, सगळं करून इथे आलो. माळ्यावरच्या खोलीत माझा अर्धा वाटा निघत असेल तर तो दादाला. त्याने तिथे सामान कधीच भरून टाकलंय, म्हणजे ताबा आहेच.

कलम २. बँकेत जे असेल ते आईला. तिने ते स्वतःवरच खर्च करावं. छपरावर किंवा अण्णांच्या औषधांवर घातलं तर हे कलम मोडलं असं समजावं. आई, हे ऐकून तू हसशील आणि छपरावरच घालशील.

कलम ३. हत्यारं. बारीक टोकांचे स्क्रूड्रायव्हर, तेलाची पिचकारी आणि पितळी हातोडी आमच्या कोठीच्या उस्तादांना. ते म्हणतील, "माझंच ढापून मलाच देतोस, लेका?" हातोडी त्यांचीच आहे. बाकीचं माझं आहे.

कलम ४. लाकडी बंदूक. ही माझ्या मालकीची सगळ्यात जुनी वस्तू. दस्त्याला तडा गेलाय, सध्या घरी आहे. तिचं काय करायचं ते सांगण्याआधी तिची हकीकत सांगणं भाग आहे.

अण्णा गल्लीच्या टोकाच्या थिएटरात ऑपरेटर होते. मालकाकडे एका जुन्या काऊबॉय सिनेमाची रिळं कायमची पडून होती. नवीन सिनेमाची पेटी वेळेवर आली नाही की तोच लागायचा. दादा अण्णांजवळ मशीनच्या खोलीत बसून छोट्या खिडकीतून बघायचा. मी तिथे वायरींत पाय अडकवायचो, म्हणून डोअरकीपरने मला उचलून पडद्यामागे सोडलं. "इथे नाच हवा तेवढा," म्हणाला. पडदा जुना, विटलेला, पातळ; चित्र आरपार दिसायचं. इतर सिनेमांना मी उंडारायला जायचो, पण हा मात्र तिथे उभ्या उभ्या पाठ केला. पाट्यांवरची अक्षरं परक्या भाषेतली, ती सुलटी की उलटी मला काय कळणार?

मग आम्ही दोघांनी खोक्याच्या फळ्यांतून हिरोची एकेक बंदूक कोरायला घेतली. तिला गोळ्या भरायला बाजूला एक छोटी झडप असते. दादाने ती उजवीकडे कोरली, मी डावीकडे.

"अरे, उजवीकडे असते ती."

"डावीकडे. तो डावखुरा आहे ना, म्हणून त्याच्यासाठी तशी बनवलीय."

"हिरो डावखुरा? अण्णा, ऐकलंत का? हिरो म्हणे डावखुरा!"

अण्णा पोट धरून हसले. मग मला म्हणाले, "उजवा हात वर कर बघू." मी इतका बावरलो की दोन्ही हात वर केले. तिथेच निकाल लागला. "याला डावं-उजवं कळत नाही," अण्णा आईला म्हणाले. "मशीनला हात लावू देऊ नकोस हं, रीळ उलटं घालेल हा." मनात वाईट नव्हतं त्यांच्या, मशीन जपणं हा त्यांचा स्वभावच. पण उफराट्या हे नाव त्या दिवसापासून चिकटलं, आणि माझ्याआधी ते शाळेत जाऊन पोचलं. दादा मशीन शिकला. मी रस्ता धरला.

यात खरी खोट कुठे बसली ते लिहितो. माझा त्या नावावर विश्वास बसला. गॅरेजमध्ये साधा नट आवळायचा तरी आधी मनात घास घेऊन बघायचो, हा जेवायचा हात, म्हणजे उजवा. तोवर शेजारचा आवळून मोकळा झालेला असायचा.

कलम ५. आता इथली गोष्ट. एका निर्मात्याला नव्या सिनेमात त्या जुन्या सिनेमातल्यासारख्याच बंदुका हव्या होत्या. कोणाच्या हातात कोणती आहे ते ओळखायचं काम आमच्याकडे आलं. मी म्हटलं, "उस्ताद, हा तर मला तोंडपाठ आहे." खलनायकाची दुनळी सांगितली. घोडागाडीवाल्याचं पिस्तूल सांगितलं. हिरोची रायफल नदीच्या प्रसंगात नळीखाली लाकूड नसलेली आणि शेवटच्या मारामारीत लाकूड असलेली, हेही सांगितलं. उस्ताद खूश झाले. "दोन्हीकडे तीच बंदूक रे. गोष्ट जुन्या काळातली, बंदूक नंतरची. खऱ्या जुनीला नळीखाली लाकूड नसायचं, म्हणून नदीवर ते काढून तिला म्हातारी केलीय. पण ती झडप कशी लपवणार? खऱ्या जुन्या बंदुकीला बाजूला झडपच नसते."

"हो, झडप दिसते ना. डावीकडे."

"उजवीकडे."

"डावीकडे, उस्ताद. पिस्तूलही डावीकडूनच भरतो तो."

"अशी बंदूक कोणी बनवलीच नाही, बाबा!"

मी मनात म्हटलं, झालं, इथेही कळलं यांना. आता उद्यापासून काडतुसं कोण देणार माझ्या हाती? उस्तादांनी कोठीच्या मधोमध दोरीवर पांढरं कापड ताणलं आणि सिनेमा लावला. आणि हिरोने उजव्या हाताने पिस्तूल काढलं. झडप उजवीकडे. सगळंच उजवीकडे! मी उठलो तो तोंड लपवायलाच उठलो होतो, पण दार कापडाच्या पलीकडे होतं. दाराशी जाऊन सहज वळलो, तर कापडातून तोच माणूस डाव्या हाताने गोळ्या भरत होता. झडप डावीकडे. माझा डावखुरा हिरो, जसाच्या तसा.

मी तिथेच खाली बसलो. उस्ताद धावत आले. "चक्कर आली का रे?" मी म्हटलं, "नाही उस्ताद. उतरली." मग पाणी पिऊन सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "म्हणजे डोळे शाबूत आहेत. काडतुसं तूच सांभाळ."

कलम ६. जुनी भांडणं. दादाशी होतं ते मिटलं, वाटून द्यायला काही उरलेलं नाही. मी त्याला थिएटरात फोन केला, अण्णाही तिथेच बसलेले होते. त्याला आधी पटेना. "तू फोनवरसुद्धा उफराटंच बोलतोस," म्हणाला. मग म्हणाला, थांब. रीळ चढवलं, मशीन चालू केलं आणि अण्णांचा हात धरून त्यांना पडद्यामागे नेलं. मला इकडे नुसते घोडे ऐकू येत होते. मग दादाचा आवाज आला, "आईशप्पथ! डावखुरा आहे की रे हा!" आणि दादा हसत सुटला, मीही हसत सुटलो. मग अण्णांनी फोन मागून घेतला.

"पोरा, आयुष्यभर हा सिनेमा चालवला मी. पण इकडून कधी बघितलाच नाही रे."

"जाऊ दे, अण्णा. तुम्ही मशीन सोडून येणार तरी कसे?"

"परत आलास की रीळ तू चढव," म्हणाले. आणि फोन दादाच्या हातात कोंबला.

कलम ७. म्हणून लाकडी बंदुकीची व्यवस्था अशी: दादाची उजव्या झडपेची मशीनच्या खोलीत टांगावी, माझी डाव्या झडपेची पडद्यामागे. दोन्हींची झडप बघणाऱ्याकडे असावी. तडा बुजवू नये. तिथे कोणी उभा राहून सिनेमा बघत असला तर त्याने काय पाहिलं ते विचारण्याआधी कुठून पाहिलं ते विचारावं.

कलम ८. 'उफराट्या' हे नाव मी कोणालाही देत नाही. दादाच्या मुलीलाही चेष्टेत देऊ नये. ते या कागदाने कायमचं रद्द केलं आहे.

वरील सर्व मी समजून उमजून लिहिलं. हलकं वाटतंय. शूटिंग संपलं की घरी जाणार आहे, तेव्हा कोणी हे वाचायची घाई करू नये.

साक्षीदार पहिले: कोठीचे उस्ताद. (हातोडीबद्दल हरकत नोंदवून सही.)

साक्षीदार दुसऱ्या: कॅन्टीनच्या मावशी. (पोरगं शुद्धीवर आहे, माझ्यासमोर जेवलंय. सही.)

ठिकाण: बंदुकांची कोठी, खिडकीजवळचं लांब टेबल.

तारीख: निघण्याच्या आदल्या दिवशी, सोमवार, दुपारी.

सही: धाकटा.
(उजव्या हाताने केली. आधी घास घेऊन बघितला नाही.)