सात नंबरच्या पेटीचं भोक

३ मार्च
पोहोचलो एकदाचे! वायरमनची नोकरी काचघरात, राहायची खोली काचघराला चिकटून, आणि बायको खूश. आणखी काय हवं माणसाला? खोली लहान आहे, पण खिडकीतून पलीकडे हारीनं मांडलेली हजारो रोपं दिसतात. बायकोलाही इथेच रोपं लावायचं काम मिळालं. तिच्या उजव्या हाताची करंगळी जन्मापासून वाकडी. म्हणाली, मातीत भोक पाडायला मला देवानंच हत्यार दिलंय, तुमच्यासारखी पिशवीभर नकोत. आल्या आल्या फिरकी घेतलीच माझी.

५ मार्च
आज काचघरातल्या विजेच्या बाराही पेट्या पाहिल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. पंखे, मोटारी, फवारे, सगळ्यांचे स्विच या पेट्यांत. पेटीवर आयपीचे दोन आकडे असतात. पहिला धूळ किती अडेल त्याचा, दुसरा पाणी किती अडेल त्याचा. इथे सगळ्या ५४च्या, म्हणजे शिंतोडे सोसतील, बस्स. आणि इथे दिवसातून सहा वेळा छतातून धुकं सोडतात, वर रोज पाइपानं धुलाई. ६६ शिवाय भागायचं नाही, तिच्यावर पाण्याचा जोरदार झोत मारला तरी आत थेंब जात नाही.

कहर म्हणजे प्रत्येक पेटीच्या बुडाला पेन्सिल जाईल एवढं भोक! ही आधीच्या वायरमनची करामत. थोरल्या माळ्याला इथे सगळे आजोबा म्हणतात. ते म्हणाले, पेट्या बदल बाबा, पण भोकं ठेव, आतल्याला बाहेर जायला वाट हवी. मी हो हो म्हणून टाकलं. आता माळी मला वायरिंग शिकवणार!

९ मार्च
झालं काम. बाराही पेट्या नव्या, ६६च्या, पारदर्शक झाकणाच्या. केबली खालून घेतल्या, केबलीभोवतीचे ग्लँड घट्ट आवळले, बुडाला भोकबिक काही नाही. मुंगीनं शिरून दाखवावं. सात नंबरमधून वायरींचा एक पाइप आमच्या खोलीतल्या बोर्डाला येतो, त्याचं तोंड तेवढं बुजवायचं राहिलं, सीलंट संपलं. खोली कोरडीच आहे, चालतंय. बायकोनं सात नंबरवर थाप मारली आणि म्हणाली, झाली का तुमची तिजोरी?

१३ मार्च
सकाळी सात नंबर उघडली. आत पाणी. वास्तविक यात नवल नाही. दिवसाची दमट हवा आत कोंडते, पहाटे गार होते, झाकणाला घाम येतो. भोक त्यासाठीच होतं, आजोबा बरोबर बोलत होते. नाक कापलं गेलं माझं. पण झाकणाच्या आतल्या बाजूला, त्या घामात, हाताचा पंजा उमटला होता. माझाच असणार. पुसून टाकला, हातमोजे घालून झाकण लावलं.

१४ मार्च
पंजा पुन्हा आहे. आतूनच. माझ्या हाताहून मोठा.

आजोबांना गाठून खोदून खोदून विचारलं. आधीच्या वायरमनचा भाऊ याच जागी गेला म्हणे. बंद पेटीत पाणी साचलं होतं, हात लावला तो चिकटलाच. मग रोज सकाळी पेटीत पंजा दिसायचा. वायरमननं रडत रडत सगळ्या पेट्यांना भोकं पाडली, तेव्हा थांबलं. वाट मिळाली की तो कुणाला काही करत नाही, असं म्हणाले. मी चिडलो, हे आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, तू हो म्हणाला होतास ना.

साहेबांकडे धावलो. भोकं पाडण्यापुरतीही वीज बंद करू द्यायला तयार नाहीत. ऊन तापलंय, पंखे थांबले तर तासाभरात रोपं माना टाकतील, रविवारी बघू म्हणाले.

१५ मार्च
खोलीतल्या बोर्डातून पाणी गळतंय. भिंत ओली. बायको म्हणते, त्या पाइपातून कुणीतरी श्वास घेतंय. पाइप! मीच उघडा ठेवलेला. माझा गाढवपणा. लगेच बुजवला, गच्च.

१६ मार्च
ती बोलत नाही. केस ओले आहेत. पुसले की पुन्हा ओले. खोकते तेव्हा पाणी पडतं. बोर्डाला हात टेकून बसून राहते. डॉक्टरकडे चल म्हटलं, हलत नाही. पाया पडलो तिच्या. देवा, तो खोलीत आला होता आणि मी त्याच्यामागे वाट बंद केली. आमच्यात कोंडला मी त्याला. मी!

पाइप पुन्हा मोकळा केला. तिच्याकडे पाहून म्हटलं, जा बाबा, परत जा, हिला सोड —

१७ मार्च, सकाळ
ती नाही. दाराला आतून कडी. चपला जागेवर. अंथरुणापासून बोर्डापर्यंत ओल. तिथून पुढे नाही. पाइपात नुसतं बोट जाईल एवढी जागा — कसं शक्य आहे —

१७ मार्च, दुपार
साहेबांना विचारलं नाही. मेन स्विच पाडला. खटका खाली आहे, तरी पंखे चालूच. फवारेही चालू. अकरा पेट्यांना भोकं पाडली. पाणी आलं. फक्त पाणी.

सात नंबरच्या झाकणाला आतून दोन पंजे. एक मोठा. एक लहान, करंगळी वाकडी.

भोक पाडायला गेलो, बॅटरीवरचं ड्रिल बंद पडलं. झाकणच उघडायला हवं. आजोबा ओरडतायत, हात लावू नकोस, लांब हो. कसा होऊ लांब? आत ती आहे, माझ्या चुकीनं आहे.

तीन स्क्रू निघाले. अंगाला झिणझिण्या. सगळीकडे धुकं, हात ओले. पुसायला कोरडं काही नाही, ही वही तेवढी. हीच पानं —

चौथा स्क्रू. करंगळी हलतेय. खुणावतेय मला. ये म्हणतेय की जा म्हणतेय, कळत ना—