लाल तारखा

बोईसर, साइट ऑफिस
गुरुवार, २ मे १९६८

विश्राम यास,

सप्रेम नमस्कार लिहिलं होतं, त्यातलं 'सप्रेम' खोडलंय. इकडे सगळं ठीक. तिकडे तर ठीकच असणार. पाण्याचा टँकर दोन दिवस आला नाही, कुंभवलीचे मजूर माझ्यावर ओरडतात आणि रजा काल संपली तरी तू आला नाहीस, म्हणून तुझ्या पाळीची हजेरीही मीच घेतोय.

तुझे पेढे पोचले. देवू शिपायानं आल्या आल्या हातावर ठेवला. मी तोंडात टाकला आणि मग विचारलं, "कसला रे?"

"इश्रामशेटचा साखरपुडा झाला ना! तुमाला नाय ठावं? आपल्या इकडच्या माहीमच्या धर्माजींची मंदा."

अर्धा गिळून झाला होता. उरलेला थुंकायला बाहेर गेलो तर समोर साहेब. तोही गिळला.

जानेवारीत नवं कॅलेंडर आलं तेव्हा आपण दोघं त्यावर वाकून बसलो होतो. लाल तारखांवर बोट फिरवत मी तुला दाखवलं होतं. अठ्ठावीस एप्रिल रविवार, बुधवारी महाराष्ट्र दिन. मधले सोमवार-मंगळवार टाकले की दोन रजांत चार दिवस! त्या चार दिवसांत आईला घेऊन मी धर्माजींच्या वाडीत जाणार होतो, मंदाला मागणी घालायला. मुंबईचं कॉलेज अर्ध्यात सोडून मी इथं हजेऱ्या घेत का बसलोय, ते अख्ख्या साइटवर फक्त तुला माहीत होतं.

आणि तू नेमके तेच दिवस मागितलेस. दोन्ही टाइमकीपर एकदम रजेवर जाऊ शकत नाहीत, म्हणून मी माझा अर्ज मागे घेतला. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून तुझा अर्जही मीच लिहिला. कारण काय लिहू, विचारलं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "घरचं कार्य हाय, लिही." मी हसलो. "गाढवा, 'घरगुती कारण' म्हणतात त्याला." आणि झोकात 'कारण' लिहिलं. तू सही केलीस.

मंगळवारी अक्षय्य तृतीया होती. कॅलेंडरात काळ्या अक्षरात. कंपनी त्या दिवशी सुट्टी देत नाही, म्हणून मी ती वाचलीच नाही. माझ्या लाल तारखांच्या मधोमध तुझा मुहूर्त बसला होता.

हलकटपणा केलास, विश्राम. समोर असतास तर हजेरीपुस्तक डोक्यात घातलं असतं.

देवूला विचारलं, मंदा कशी होती? "हसत व्हती," म्हणाला. विचारायला नको होतं.

तू मला तीनदा म्हणाला होतास, "आधी तिला इचार, चिंत्या." मी म्हणायचो, लागून सुट्टी येऊ दे, निवांत बोलेन. दोन वर्षांत मी तिच्याशी एकदाच बोललो, तुमच्याच अंगणात. "विश्राम घरात आहे का?" एवढंच. हे कुणाला सांगू नकोस.

पण तू? रोज एका डब्यातून जेवलो आपण. 'मलाही ती आवडते' एवढे तीन शब्द एखाद्या घासाबरोबर बाहेर पडले नाहीत तुझ्या?

लग्न एकोणीस तारखेला, असं देवू म्हणतो. साहेब ज्याचा अर्ज आधी येईल त्याचाच मंजूर करतात. सकाळी त्याच दिवसांचा माझा अर्ज लिहून ठेवला होता. दुपारपर्यंत टेबलावर होता. मग फाडला. का, ते विचारू नकोस.

सोबत तुझा अर्ज भरून देवूबरोबर पाठवतोय. शनिवार अठरा, सोमवार वीस, मधे रविवार. दोन रजांत तीन दिवस. सही तेवढी कर. कारणाच्या रकान्यात या वेळी तू सांगितलं होतंस तेच लिहिलंय: घरचं कार्य.

पेढे पुन्हा पाठवू नकोस. तुझी हजेरी मी घेईन.

हजेरीपुरता तुझा,
चिंतामण
(चिंत्या म्हणायचं आता बंद कर.)