आक्काची हासळी

पुंडलिकनगर, औरंगाबाद
९ जून १९९१

ती. बानाआक्का,
शि. सा. न. वि. वि.

पुंजारामदाजी काल तुझा फोटो घेऊन आले. म्हणजे तुझा नाय, तुझ्या हासळीचा. तोंड नसल्यानं फोटो चांगला आलाय. वाळूजच्या कंपनीतली पाळी बुडवून मी तो हाडाच्या डॉक्टरांना दाखवला. दसऱ्याला मेंढरांतल्या एडक्यानं तुला उडवलं तेव्हा गळ्याखालचं हे हाड मधोमध मोडलं, ते अजून जुळलंच नाय. दोन्ही तुकडे भांडलेल्या भावांसारखे तोंड फिरवून बसलेत. तेल चोळून आणि वाट बघून आता उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. चीर देऊन टोकं खरडायची, कमरेचं थोडं हाड काढून मधे भरायचं, वरून पोलादी पट्टी स्क्रूनं आवळायची. आम्ही कंपनीत तेच करतो, फक्त आमचा माल शिव्या देत नाय.

त्यांनी आणखी विचारलं, बाई मिशरी लावतात का. मी मान खाली घातली. तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो म्हणे. डबी फेक आणि निघून ये.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा सूर्यभान

लासूर स्टेशन
१८ जून १९९१

चि. सूर्यभान यास आक्काचा आशीर्वाद.

इकडं समदे खुशाल. तिकडची खुशाली तुझ्या आगाऊपणावरून कळली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकले, ती तुला झाडायलाच कामाला आली. माझं हाड जुळत नाय म्हणतोस, तुझं आन तुझ्या बायकोचं, सुगंधाचं, तरी कुठं जुळतंय? आधी तुमच्यात पट्टी ठोकून घे. कमरेचं हाड गळ्यात भरलं तर मी बसू कशावर? आन भुलीत मी तुझ्या दाजीबद्दल काय काय बोलंन, ते ऐकून डॉक्टर सुई टाकून पळंल.

हात वर जात नाय, हे खरं हाय. अंबाडा सून बांधती. लई घट्ट बांधती, सासूवरचा समदा राग त्यात काढती. कूस बदलली की हाड कटकट वाजतं. पण मेंढरामागं चालायला पाय लागत्यात, हासळी नाय. मिशरीचं नाव पुन्यांदा काढलंस तर तुझ्या घरी पाणी पिणार नाय.

सुगंधाला माया सांग. उरली तर तू घे.
आक्का

लासूर स्टेशन
२ ऑगस्ट १९९१

चि. सूर्यभानास आशीर्वाद.

परवा कोकरू हौदात पडलं. मी जवळच व्हते. वाकून दोन्ही हातांनी धरलं, उचलाया गेले तर हाड आतल्या आत सरकलं आन डोळ्यापुढं अंधारी आली. हातातनं निसटलं. सून पळत येईस्तोवर गेलं. माझ्याकडं बघत बुडालं रे.

तुझे दाजी म्हणाले, तुझ्यानं आता व्हत नाय, मेंढरं विकून टाकू. व्यापाऱ्याला सांगून बी आले.

मंगळवारच्या गाडीनं येते, ठेसनावर ये. मिशरीची डबी उकिरड्यात टाकली.

भ्या वाटतं. हे सुगंधाला सांगू नको.
आक्का

पुंडलिकनगर, औरंगाबाद
१४ ऑगस्ट १९९१

ती. पुंजारामदाजींना सूर्यभानचा शि. सा. नमस्कार.

आक्काचं ऑपरेशन काल पार पडलं, जिवाला धोका नाय. आत नेताना तिनं डॉक्टरांना बजावलं की कमरेचं हाड बेतानं घ्या, बसण्यापुरतं ठेवा. दार लागलं आणि मी बाकावर असा हुंदके देऊन रडलो की नर्सबाईंनी मलाच विचारलं, तुमचं कुठं मोडलंय.

भूल उतरताना तिनं शिव्या दिल्या नाहीत. एकेका मेंढीला नावानं हाका मारत होती. शेवटी तुमचं नाव घेतलं. म्हणाली, त्यांना म्हणावं, मोजून आत घ्या. शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मला हसू आलं नाय.

दीड-दोन महिने हात झोळीत राहील, हाड जुळायला त्याहून जास्त दिवस. जुळेलच, असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. दाजी, धाकटा असून बोलतो. तोवर व्यापाऱ्याला थांबवा. हाड जुळलं आणि मेंढरांचं वाडगं रिकामं दिसलं, तर ती घरी कशाला येईल?

चुकलं असेल तर कान धरा, पण ऐका.
आपला सूर्यभान

लासूर स्टेशन
२२ डिसेंबर १९९१

चि. सूर्यभान यास आक्काचे पोटभर आशीर्वाद.

काल तू पाळीवर व्हतास, म्हणून आम्ही दोघं डॉक्टरला भेटून परस्पर गावी आलो. हाड जुळलं! फोटोत फट दिसत नाय. डॉक्टर म्हणला हात वर करा, मी दोन्ही केलं. तुझे दाजी खिडकीतनं बाहेर बघत बसले. धूळ गेली म्हणत डोळं पुसत व्हते. खिडकी बंद व्हती.

तो व्यापारी आला व्हता, हे मला सुनेकडनं कळलं. दाजीनं त्याला वाडग्याच्या दारातनंच परत लावलं. मेंढरांची मालकीण दवाखान्यात हाय, तिला विचारल्याबिगर व्हणार नाय, असं सांगितलं म्हणं. ह्या माणसानं जन्मात मला मालकीण म्हणलं नाय. म्हणलं ते बी व्यापाऱ्याला.

त्रास नसंल तर पट्टी आत राहू द्या, असं डॉक्टर म्हणला. मी म्हणलं राहू दे, अंगावर दुसरा दागिना कुठं हाय. मी मेल्यावर राख सावडाया येशील तवा ती सापडंल, स्क्रूसकट. नदीत सोडू नको, एखाद्या मेंढराच्या खुरात स्क्रू जायचा. तुझ्या कंपनीत ने, कुठं तरी बसंल. पण घाई करू नको. चार मेंढ्या गाभण हायत, मला सवड नाय.

तुझी आक्का,
बानाबाई